दातांमागची तार आणि तुरीचा सौदा

कोणताही निर्णय घेण्यापूर्वी कागदावर मधोमध उभी रेघ मारायची आणि दोन रकाने भरायचे, ही सवय मला अन्नतंत्रज्ञान शिकताना लागली. दातांना तारा बसवून घ्यायच्या की नाहीत, हेही मी असेच ठरवले. डावीकडे अडचणी लिहिल्या: काही आठवडे बोलणे बोबडे होईल, जीभ सोलवटेल, खाण्यावर बंधने येतील, दर पाच-सहा आठवड्यांनी नोकरीच्या लातूरहून घरच्या नांदेडला यावे लागेल. उजवीकडे लिहिले की खालचे पुढचे दात एकमेकांवर चढले आहेत, त्यांच्या फटीत कीड धरू लागली आहे, आणि शिक्षण संपल्यावर करू, नोकरी लागल्यावर करू, असे म्हणत हे काम मी आठ वर्षे पुढे ढकलले आहे. उजवा रकाना जड झाला.

राहिला प्रश्न तारा बाहेरून लावायच्या की आतून. आतून म्हणजे दातांच्या मागे, जिभेच्या बाजूला. समोरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. त्या बसवायला अवघड आणि अंगवळणी पडायला त्याहून अवघड, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितले. तरी मी आतल्याच निवडल्या. लातूरच्या बाजारात मी रोज जिथे उभी राहते तिथे तीस-चाळीस पुरुषांत मी एकटी बाई असते. माझ्या चपलेवर, ओढणीवर, वहीवर आणि बोलण्यावर तिथे एकदा तरी चर्चा झालेली आहे. आणखी एक विषय मला त्यांना पुरवायचा नव्हता.

डिसेंबरातल्या एका रविवारी नांदेडच्या दवाखान्यात मी जवळजवळ तीन तास तोंड उघडे ठेवून पडून राहिले. उठून बसल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता जीभ फिरवून बघा." मी फिरवली. जन्मभर जी जागा गुळगुळीत होती तिथे कोणीतरी काटेरी कुंपण घातले होते. खालचे दात वरच्या दातांमागच्या ब्रॅकेटवर, म्हणजे तार धरून ठेवणाऱ्या धातूच्या तुकड्यांवर, अडत होते आणि त्यामुळे मागच्या दाढा एकमेकींपर्यंत पोचतच नव्हत्या; तोंड घट्ट मिटले तरी मागे फट राहत होती.

"महिना-दीड महिन्यात दाढा टेकायला लागतील," डॉक्टर म्हणाल्या. "तोवर मऊ खायचं. फुटाणे, शेंगदाणे, ऊस, कडक भाकरी, काही दाताखाली घालायचं नाही. एक ब्रॅकेट सुटलं तरी मागचं काम पुन्हा करावं लागतं."

मी मान हलवली. हे सगळे माझ्या डाव्या रकान्यात होतेच.

संध्याकाळच्या बसने मी लातूरला निघाले. लोहा मागे पडले, बस अहमदपूरकडे लागली, आणि खिडकीतून रस्त्याकडेच्या शेतात कापून रचलेल्या तुरीच्या पेंढ्या दिसल्या. मी काही वेळ त्यांच्याकडे नुसती पाहत राहिले. मग एकदम ताठ बसले. डाव्या रकान्यात मी तूर लिहिलीच नव्हती.

इथे माझे काम सांगायला हवे. मी लातूरच्या एका दाळ मिलच्या प्रयोगशाळेत आहे. आलेल्या तुरीत ओलावा किती, खडा किती, फुटका दाणा किती, हे मोजणे माझे काम. ओली तूर यंत्रात गेली की तिची साल नीट निघत नाही, डाळ चपटते आणि दिवसभराचे काम बिघडते. प्रयोगशाळेत ओलावा मोजायला मीटर आहे. पण तूर विकत घेतली जाते ती बाजारात, आडतीसमोर, म्हणजे दलालाच्या दुकानासमोर, ओतलेल्या ढिगांपाशी. शेतकरी ढिगाशेजारी उभा असतो, सगळ्या मिलचे खरेदीदार एका ढिगाकडून दुसऱ्याकडे घोळक्याने सरकतात, आडतीचा मुनीम बोली पुकारतो आणि तुमच्या हातात जेमतेम मिनिटभर असते. तेवढ्या वेळात मीटर लावून बसायला कोणी थांबत नाही. तिथले मीटर म्हणजे दात. दाणा दाताखाली धरायचा आणि दाबायचा. वाळलेला दाणा कटकन फुटतो, ओला दाणा दबतो आणि त्यावर दाताची खूण उमटते. खरेदीदाराने दाणा तोंडात टाकला नाही तर सौदा झाल्यासारखे कोणालाच वाटत नाही.

ही विद्या मला आमच्या मिलच्या वयस्क खरेदीदाराने शिकवली. त्यांना सारा बाजार चाचा म्हणतो आणि मीही तेच म्हणते. त्यांच्या तीन पिढ्या याच बाजारात गेल्या. दोन हंगाम मी त्यांच्यामागून हिंडले. चावलेल्या दाण्याचा अंदाज आधी वहीत लिहायचा आणि मिलमध्ये परतल्यावर मीटरशी ताडून पाहायचा, असा माझा क्रम होता. दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस माझे दात मीटरच्या फार मागे राहिले नव्हते. या हंगामानंतर चाचा घरी बसणार होते. मिलचे मालक, ज्यांना आम्ही शेठ म्हणतो, त्यांनी दिवाळीत मला बोलावून सांगितले होते, "मॅडम, यंदा तुरीचा सौदा तुम्ही धरा. चाचा मागं उभे राहतील. जमलं तर पुढं खरेदी तुमच्याकडं. न्हाई जमलं तर बाहेरून माणूस आणू."

खरेदी माझ्याकडे यावी, ही माझी त्या वर्षीची सर्वांत मोठी इच्छा होती. प्रयोगशाळेत बसून दुसऱ्याने घेतलेल्या मालाचे दोष लिहिण्याचा मला कंटाळा आला होता. आणि तुरीची आवक सुरू व्हायला तीन आठवडे असताना, पूर्ण विचार करून, दोन रकाने भरून, मी माझे मोजमापाचे साधन तारेने बांधून घेतले होते.

लातूरला खोलीवर पोचल्यावर आईला फोन केला.

"हॅलो. पोचले."

"कोण बोलतंय?"

"मी."

"माझी पोरगी अशी बोलत नाही. तिला फोन दे."

"आई, तारा आहेत."

"मला वाटलं तोंडात शिरा भरून बोलून राहिली. जेवलीस का?"

जेवण हा पहिले दहा दिवस एक स्वतंत्र उद्योग होता. घरमालकीणकाकूंनी परिस्थिती ऐकून घेतली आणि सकाळी ज्वारीची आंबील, रात्री मऊ खिचडी असा बंदोबस्त केला. दुपारी मिलमध्ये मी वरणात भाकरी कुस्करून, ती पूर्ण भिजेपर्यंत थांबून खात असे. आईने त्या रविवारी सकाळीच अर्धापूरची केळी दिली होती, तीही संपली. जी तूर मला चावता येणार नव्हती तिचेच वरण मी दोन्ही वेळा पीत होते. जिभेच्या कडा तारेला घासून तोंड आले. दवाखान्यातून दिलेले मेण मी वाटाण्याएवढे घेऊन बोचणाऱ्या जागी लावायची. जेवणाआधी काढायची, जेवल्यावर नवे लावायची. तिसऱ्या दिवशी एक गोळी गिळली गेली. काही झाले नाही.

बोलण्याचा प्रश्न मी पद्धतशीरपणे हाती घेतला. जीभ दातांमागे टेकून निघणारे सगळे वर्ण बिघडले होते. ओठांचे आणि घशातले शाबूत होते. म्हणून रोज सकाळी गच्चीवर जाऊन मी मीटरची माहितीपुस्तिका मोठ्याने वाचत असे आणि त्यानंतर साठपासून नव्वदपर्यंतचे आकडे, कारण तुरीचा भाव तेवढ्या शेकड्यांत पुकारला जातो आणि सौद्यात मला वाक्ये नव्हे, आकडे बोलायचे होते. काकू पापड वाळत घालायला आल्या की ऐकत उभ्या राहत. "कालच्यापेक्षा आज सत्तर चांगला आला," असे त्या तटस्थपणे सांगत. मला त्यांच्या मताचा भरवसा वाटे, कारण त्या उगाच कौतुक करत नसत. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी सत्तर, सत्त्याहत्तर आणि सदुसष्ट, तिन्ही पास झाले.

चावण्याचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. मी एक तडजोड काढली, आणि आज लिहिताना ती मला लाजिरवाणी वाटते. दाणा तोंडात टाकायचा, गालाच्या आत सरकवायचा, जबडा हलवल्यासारखे करायचे आणि थोड्या वेळाने ओढणीआड काढून टाकायचा. अंदाज मात्र डोळ्यांनी आणि बोटांनी करायचा. प्रयोगशाळेत असा नोंदलेला आकडा कोणी माझ्यापुढे ठेवला असता तर मी तो फाडून टाकला असता. पण चाचांना सांगावे तर ते शेठना सांगतील असे वाटे, आणि शेठना कळले तर बाहेरून माणूस येईल.

आवक सुरू झाली. पहिले तीन दिवस माल कोरडाच होता, त्यामुळे माझे सोंग खपले. समोरच्या मिलचे एक खरेदीदार, पिळदार मिशांचे आणि सगळ्यांची थट्टा करणारे, एवढेच म्हणाले, "मॅडम, गुळण्या करता करता बोली लावून राहिल्या का?"

"थंडी आहे," मी म्हटले.

"थंडी आम्हाला बी हाय. आम्ही तर मोकळं बोलतो."

चौथा दिवस शुक्रवार होता. चाचा नमाजला गेले होते. एका ढिगावरची तूर उन्हात चकाकत होती, वरून हात फिरवला तर खडखडीत लागत होती. मी दाणा गालात ठेवला, जबडा हलवला आणि बोली लावली. ढीग आम्हाला सुटला. मिलमध्ये पोती उघडून मी स्वतः मीटर लावले आणि आकडा पाहून दुसऱ्यांदा लावले. वरचा थर वाळलेला होता, आतला माल दमट होता. उगीच सबब सांगत नाही: त्या मिनिटात माझे लक्ष दाण्यावर नव्हते, जबडा पटण्यासारखा हलतो आहे की नाही यावर होते. तपासणीच्या अहवालात जिथे खरेदीदाराचे नाव लिहायचे असते तिथे मी माझे लिहिले आणि कागद शेठच्या टेबलावर ठेवला.

ती तूर मिलच्या अंगणात दोन दिवस पसरून वाळवावी लागली. हमाल पाय ओढत तिच्यातून फिरत होते आणि प्रत्येक फेरीला माझ्या खिडकीवरून जात होते. शेठनी मला शुक्रवारी संध्याकाळीच बोलावले होते.

"मॅडम, मीटर आपलंच, खरेदी बी आपलीच. मग भांडायचं कोणाशी?"

"चूक माझी आहे."

"ते कागदावर वाचलं मी." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "महिनाअखेरीला मी सौद्याला येतो. बघू."

शनिवारी सकाळी मी घाबरून त्याहून मोठी चूक केली. पहिल्याच ढिगाचा दाणा मी खरोखर चावला. दाढा टेकत नव्हत्या म्हणून पुढे घेतला, बाजूच्या दातांत धरला आणि दाबला. कट्ट असा आवाज झाला, पण तो तुरीचा नव्हता. एक ब्रॅकेट दातापासून सुटून तारेवर लोंबू लागले आणि त्याची कड जिभेत रुतली. बोली सुरू होती. मी तोंडावर ओढणी धरून घोळक्यातून बाहेर पडले. आमची बोली त्या ढिगाला चाचांनी लावली, आणि मग ते माझ्यामागे आडतीच्या ओट्यावर आले.

"काय झालं, बेटा? रगत हाय."

आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते. मी त्यांना सगळे सांगितले: तारा, फट राहिलेल्या दाढा, गालात ठेवलेले दाणे, शुक्रवारचा ढीग. माझे संपल्यावर त्यांनी मोठा श्वास सोडला.

"म्हणजे तू चावतच नव्हतीस."

"नाही."

"अल्ला. मला वाटलं मी बहिरा होऊन राहिलो."

मला कळले नाही. तेव्हा त्यांनी इकडेतिकडे पाहिले, बाजाराकडे पाठ केली आणि खालच्या दातांची पूर्ण ओळ हातात काढून मला दाखवली. कवळी होती. ती लगेच पुन्हा बसवून त्यांनी रुमालाने ओठ पुसले.

"धा-बारा सालं झाली," ते म्हणाले. "हिच्यानं तूर फुटत असती का? भाकरी फुटत न्हाई."

"पण तुम्ही रोज दाणा तोंडात टाकता."

"टाकतो. शेतकरी माझ्या तोंडाकडं बघत असतो. त्याच्या मालाला आपण तोंड लावलं म्हणजे त्याला बरं वाटतं. न्हाई लावलं तर त्याला वाटतं, यानं माझा माल पाहिलाच न्हाई. ती इज्जत हाय. वजन-भाव नंतर."

"मग ओलावा कशानं ओळखता?"

"आधी हातानं. कोपरापर्यंत आत घालायचा. आत गार लागलं की समज. आन् मग कानानं. लोक चावतात ना चोहीकडं, मी ऐकतो. दोन साल तू चावायची, मी ऐकायचो. तुझा दाणा चांगला वाजतो."

दोन हंगाम मी माझे दात मीटरशी ताडून पाहत होते, आणि तेवढाच काळ हे गृहस्थ मला मीटरसारखे वापरत होते. मला राग यायला हवा होता. मी हसले, आणि तार पुन्हा जिभेत रुतली.

"मग मला चावायला का शिकवलंत?"

"तुला दात होते. दात असणाऱ्यानं दातानंच शिकावं."

त्याच दुपारी मी नांदेडला गेले. डॉक्टरांनी तोंडात आरसा घालून पाहिले आणि विचारले, "काय चावलं?"

"तूर."

"कच्ची?"

"वाळलेली."

"का?"

त्यांना कारण सांगायला पाच मिनिटे लागली. त्यांनी ब्रॅकेट पुन्हा चिकटवले, चूळ भरायला सांगितली आणि म्हणाल्या, "माझ्याकडं पेशंट येतात, शेंगदाणे खाल्ले म्हणून लपवतात. ओलावा बघितला म्हणणारी तुम्ही पहिलीच." मग त्यांनी मला एक उपयोगी गोष्ट विचारली: दाणा फोडायचाच आहे तर तो तोंडातच का फोडायचा?

हा प्रश्न मला स्वतःला पडायला हवा होता. घरी आले तेव्हा आई जेवणानंतर सुपारी कातरत होती. मी तिच्या हातातला अडकित्ता घेतला, डब्यातून चार तुरीचे दाणे काढले आणि एकेक कातरला. वाळलेला दाणा पात्यात कटकन दुभंगला. आणखी दोन दाणे मी पाण्यात घालून ठेवले आणि दोन तासांनी कातरले. ते आवाज न करता कापले गेले. शिवाय कापलेली बाजू डोळ्यांसमोर होती, जी दातांत कधीच दिसत नाही.

"हा मी नेऊ का?" मी विचारले.

"आन् मी काय करू, सुपारी तुझ्या मीटरनं कातरू?" आई म्हणाली. सोमवारी सकाळी तो तिने कापडात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवलेला होता.

पुढचे दोन आठवडे माझ्या त्या हंगामातले सगळ्यांत चांगले दिवस होते. प्रत्येक ढिगात मी चाचांनी सांगितल्याप्रमाणे कोपरापर्यंत हात घालत असे आणि गारव्याचा अंदाज लिहीत असे. तळाशी हाताला लागलेले दाणे मुठीत घेऊन, घोळक्याच्या कडेला थांबून, ओढणीच्या आडोशाने ते अडकित्त्यात फोडत असे आणि दुसरा अंदाज लिहीत असे. चाचा शेजारी उभे राहून कानाने तिसरा सांगत. संध्याकाळी मीटरचा आकडा चौथ्या रकान्यात. पहिल्या दिवशी माझ्या हाताला सगळेच ढीग गार लागले. पाचव्या दिवसापासून फरक कळू लागला. हात ढिगाच्या पोटातले सांगत होता, अडकित्ता एका दाण्याचे; दोन्ही जुळले की मीटरही बहुधा जुळे. दरम्यान तोंड बरे झाले. जिभेने आपली नवी जागा शोधली. मेणाची डबी दिवस-दिवस उघडली जात नव्हती, आणि एका सकाळी काकू पापड घालून न थांबताच खाली गेल्या, कारण आकड्यांत सुधारण्यासारखे काही उरले नव्हते.

महिनाअखेरीला शेठ आले. पांढरा सदरा, हातात काही नाही. ते घोळक्यात न मिसळता चाचांच्या शेजारी मागे उभे राहिले. मी ठरवले होते की आज आडोसा घ्यायचा नाही. पहिल्या ढिगात हात घातला, मूठ काढली आणि सगळ्यांसमोर अडकित्ता उघडला.

मिशांचे खरेदीदार वाटच पाहत असावेत. "मॅडम सुपारीला लागल्या. आता पानाचा डबा बी आणा, सगळे मिळून खाऊ."

"तुम्ही चुना आणा," मी म्हटले. लोक हसले, तेही हसले आणि बोली पुढे गेली.

अडचण दहाव्या ढिगाला आली. माल औशाकडच्या एका शेतकरी बाईंचा होता. पन्नाशीच्या, डोक्यावर पदर, ढिगाशेजारी पोत्यावर बसलेल्या. मी हात घातला, दाणा फोडला, वहीत लिहिले. त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मुनीम पुकारू लागला तशा त्या उठल्या.

"बाई, तुमी दाताखाली न्हाई घातली."

"यानं फोडून बघितली, मावशी."

"ह्ये सुपारीचं हाय. माझी तूर काय सुपारी हाय का?"

घोळका थांबला. मुनीमही थांबला. शेठ मागे होते. चाचांचे ओट्यावरचे बोलणे मला त्या वेळी पूर्ण कळले: या बाईंना माझ्या अंदाजाची फिकीर नव्हती, त्यांचा माल कोणी तोंडाला लावला नाही याचे वाईट वाटले होते. मी खरे सांगितले.

"मावशी, माझ्या दातांना तारा बसवल्या आहेत. चावलं तर तुटतात."

"दिसत तर न्हाईत."

"आतून आहेत."

"दाखवा बरं."

समोरून दिसू नयेत म्हणून मी एवढा खटाटोप करून बसवलेल्या तारा मी बाजाराच्या मध्यावर तोंड उघडून दाखवल्या. मावशींनी वाकून पाहिले. मिशांच्या खरेदीदारांनी पाहिले. मुनीम खुर्चीवरून उतरून आला आणि त्यानेही पाहिले. "हाव, हायेत की," तो म्हणाला. "वर खाली दोन्हीकडं."

"लई दुखतंय का?" मावशींनी विचारले.

"आता नाही."

त्यांनी ढिगात हात खुपसून आतून एक दाणा काढला, स्वतःच्या तोंडात टाकला आणि माझ्याकडे झुकल्या. "मी चावते. तुमी ऐका."

दाणा फुटला. स्वच्छ, कोरडा आवाज होता. अडकित्त्याने तेच सांगितले होते आणि हातानेही. मी म्हटले, "चांगली वाळली आहे, मावशी," आणि त्यांनी मान हलवून पदर सारखा केला. मी बोली लावली. मिशीवाल्यांनी दोनदा वर चढवली, मी तिसऱ्यांदा चढवली, ढीग आम्हाला सुटला.

मिलमध्ये परतल्यावर शेठ प्रयोगशाळेत आले. याआधी ते तिथे कधी बसलेले मी पाहिले नव्हते. त्यांनी माझी वही समोर ओढली आणि त्या दिवशी घेतलेल्या प्रत्येक ढिगाचा नमुना मीटरला लावायला सांगितला. मी आकडा वाचायची, ते वहीतल्या माझ्या अंदाजावर बोट ठेवायचे आणि पुढे सरकायचे. मावशींचा ढीग जुळला. शेवटून दुसऱ्याला त्यांचे बोट थांबले.

"हा चुकला."

"हो. तो मी घाईत बघितला."

"घाई कशाला?"

"जेवायची वेळ होऊन गेली होती. मला जेवायला अजून पाऊण तास लागतो."

शेठ हसले. ते हसताना आवाज करत नाहीत, फक्त खांदे हलतात. दारात उभ्या असलेल्या चाचांना त्यांनी विचारले, "तुमचं काय म्हणणं?"

"मला कशाला विचारता? मी आज पाव्हणा होतो."

शेठनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. "मग सौद्याआधी जेवून घेत जा, मॅडम. उद्यापासून खरेदी तुमच्याकडं."

ते गेल्यावर मी मीटर पुसले, त्यावर झाकण घातले आणि नमुन्यांच्या पिशव्या फळीवर लावल्या. हात चालू ठेवणे बरे वाटत होते. चाचा अजून दारातच होते.

"तर मग मी उद्या येत न्हाई," ते म्हणाले. "इतकी सालं झाली, एकदा तरी ऊन वर आल्यावर उठायचं हाय."

दुसऱ्या दिवशी मी बाजारात पोचले तेव्हा ते आडतीच्या ओट्यावर बसून बशीतला चहा फुंकत होते. मला पाहून त्यांनी फक्त बशी थोडी वर उचलली. ते उठले नाहीत. मुनीमाने पुकारा केला, घोळका पहिल्या ढिगाकडे सरकला आणि मी बाही वर करून हात आत घातला.